प्लॅटिनम म्हणून सांगितलेली अंगठी

टंगस्टन कार्बाइडची अंगठी घेण्याआधी काय काय माहीत असायला हवं, हे मला विचारा. मी सगळं सांगेन, आणि सविस्तर सांगेन — मला सविस्तर सांगायची खोडच आहे. फक्त एक गोष्ट मी गाळते. ती मी नवऱ्याला सांगितलेली नाही, भावाला नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवी होती त्या बाईला तर नाहीच. त्या बाईबरोबर मी रोज सकाळचा चहा पिते.

तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. एवढंच कारण आहे. त्यात धाडस वगैरे काही नाही.

माझा स्वभाव आधी सांगते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. मी चुका काढणारी बाई आहे. नोकरीही तीच — मारतहळ्ळीच्या एका कंपनीत, दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये कुठे काय फसतं ते शोधायचं. घरी मिक्सर आला तरी त्याचं माहितीपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी मी एकटीच. निनाद — माझा नवरा — म्हणतो, तू औषधाच्या बाटलीवरचं वाचून वाचून आजारी पडशील. तेव्हा मला माहीत नव्हतं, असं मला कधीच म्हणता येणार नाही. हे ध्यानात ठेवा. मला सगळं माहीत होतं.

लग्न ठरलं तेव्हा मी इथे, नोकरीच्या गावी, मैत्रिणींबरोबर भाड्याच्या घरात राहत होते आणि मानपान, देणंघेणं या विषयांवर तावातावाने बोलत होते. आमच्या बेळगावकडे साखरपुड्याला मुलीकडचे जावयाला सोन्याची अंगठी घालतात. का घालायची? मुलगी देतोय तेवढं पुरे नाही? बाबांना मी ठणकावून सांगितलं, अंगठी मी घेणार, माझ्या पगारातून, मला पटेल ती. बाबा म्हणाले, "घे बाई, पण चांगली घे." माझ्याशी वाद घालायची हौस त्यांनी कधीच सोडून दिली होती.

मला पटली ती टंगस्टनची. एक तर ती सोन्याची नव्हती, आणि दुसरं म्हणजे निनाद वस्तू वापरत नाही, त्यांच्याशी झटापट करतो. त्याच्या घड्याळाची काच कधी धड पाहिलेली मला आठवत नाही. या अंगठीवर ओरखडाच उठत नाही, असं लिहिलं होतं. मग मी सवयीप्रमाणे बाकीचंही वाचून काढलं. ही अंगठी कठीण असते, पण ठिसूळ असते — दगडी फरशीवर आपटली तर काचेसारखी तडकू शकते. ती वाढवता येत नाही, कमीही करता येत नाही, म्हणून माप अचूक हवं आणि ते सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा घ्यावं, कारण बोटं दिवसभरात थोडी फुगतात. स्वस्तातल्या अंगठ्यांमध्ये कोबाल्ट असतं, त्याने काहींच्या कातडीवर पुरळ उठतं. वरून सोनेरी किंवा काळा मुलामा असेल तर तो झिजतो. मोडीत काही येत नाही. आणि शेवटी, जरा ठळक अक्षरात — बोट सुजून अंगठी अडकली, तर दवाखान्यातल्या नेहमीच्या कटरने ही कापली जात नाही. ती पक्कडीत धरून, दाब देऊन फोडावी लागते. म्हणून अंगठी कशाची आहे ते डॉक्टरांना लगेच सांगावं.

लगेच सांगावं. हे शब्द मी वाचले होते, आणि अशा वेळी लोक का सांगत नसतील बरं, असंही मनात आलं होतं.

अंगठी आली. छोटी दिसायची, पण तळहातावर घेतली की वजन जाणवायचं. रंग पावसाळी आभाळाचा. मला फार आवडली. साखरपुड्यात कुणी विचारलं तर काय बोलायचं, तेही मी ठरवून ठेवलं होतं. म्हणणार होते, ही टंगस्टनची आहे, सोनं मुद्दामच घेतलेलं नाही. बेळगावला जाताना रात्रभर बसमध्ये हे वाक्य मी मनातल्या मनात म्हणून पाहत होते. चांगलं जमलं होतं.

आता निनादची माणसं सांगते. पुण्याची. वाईट अजिबात नाहीत, पण आमचं मराठी ऐकून त्यांना हसू येतं. "करायलीस काय", "जेवलाय न्हवं" असं आमच्यातलं कुणी बोललं की त्यांच्या चेहऱ्यावर एक कौतुकाचं हसू येतं — लहान मूल बोबडं बोलल्यावर येतं ना, तसलं. मला ते झोंबायचं. तर साखरपुड्याच्या हॉलमध्ये अंगठी घालून झाली, टाळ्या झाल्या, आणि निनादच्या मावशीने त्याचा हात हातात घेऊन अंगठी निरखली. मग माझ्याकडे पाहून अगदी गोड आवाजात विचारलं, "चांदीची आहे का गं?"

बाबा शेजारीच पेढ्यांचं ताट घेऊन उभे होते. नवा सदरा, घामाने पाठीला चिकटलेला. मला माझं वाक्य आठवत होतं. अख्खं आठवत होतं.

मी म्हणाले, "प्लॅटिनम."

मावशीने "अगंबाई" म्हटलं. निनादच्या आईंनी — सासूबाईंना मी आईच म्हणते — बाबांकडे वळून हात जोडले, "कशाला एवढं केलंत!" आणि बाबा? त्यांना प्लॅटिनम म्हणजे काय तेही धड ठाऊक नव्हतं, पण ते ताठ उभे राहिले. पुढे ते वारले तोवर गल्लीतल्या प्रत्येकाला सांगत होते, आमच्या वृंदाने जावयाला प्लॅटिनम घातलं. मला त्यांचा तो ताठपणा बघवायचा नाही. आणि मी तो कधी मोडलाही नाही.

तुम्ही म्हणाल, एवढंच? एका शब्दाची थाप? लग्नात याहून मोठाल्या थापा पचतात. खरं आहे. निनादला तरी सांगायचं, तो हसला असता. त्याचा स्वभावच तसा आहे. मीही ठरवलं होतं — लग्न झालं की सांगू, पहिल्या दिवाळीला सांगू. पण तो ती अंगठी मिरवायला लागला. ऑफिसात कुणी विचारलं की हात पुढे करायचा, "बघ, एक ओरखडा नाही. प्लॅटिनम आहे." प्लॅटिनमवर ओरखडे उठतात, हे त्याला कुणी सांगितलं नाही. मी तर नाहीच नाही.

मग ती थाप सांभाळायचं काम माझ्यामागे लागलं. आई पुण्याहून आल्या की म्हणायच्या, अंगठीला जरा पॉलिश करून आणू या. मी म्हणायची, इथले सोनार भरवशाचे नाहीत. पुण्याला गेलो की म्हणायची, वेळ कुठे आहे? आणि लग्नानंतर निनाद सुटला. दुपारचं कँटीनचं जेवण, बैठं काम, आणि आमच्या जे. पी. नगरातल्या खालच्याच गाड्यावरचा रोजचा डोसा. अंगठी घट्ट झाली. आधी साबण लावून निघायची, मग साबणानेही निघेना. "वृंदा, ही जरा वाढवून आण ना गं, रुततेय." मी म्हणायची, हो, बघू. या रविवारी जाऊ. तो पुन्हा पुन्हा सांगायचा आणि मी पुन्हा पुन्हा हो म्हणायची. कारण वाढवायला नेली असती तर सोनाराने ती उलटसुलट करून पाहिली असती आणि म्हणाला असता — मॅडम, हे काय आहे?

बघा, मी अजून मूळ गोष्टीपर्यंत आलेलीच नाही. आडवळणाने चालले आहे, माझं मलाही कळतंय.

त्या दिवशी आम्ही मारतहळ्ळीला गेलो होतो, आईंना साडी घ्यायला. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. मागे नेहमीची रांग, हॉर्नचा गोंगाट. निनाद उतरून आईंच्या बाजूचं दार धरून उभा राहिला. त्या उतरत होत्या, पिशवी सावरत होत्या. मागचा रिक्षावाला डोकं बाहेर काढून ओरडला, "स्वल्प बेग माडी, अम्मा!" — जरा लवकर करा. आई घाबरल्या. त्यांना कन्नड येत नाही, पण ओरडणं कुणालाही कळतं. त्यांनी वळून घाईघाईने दार लोटलं. निनादचा उजवा हात दाराच्या चौकटीवरच होता.

करंगळीशेजारचं बोट. अंगठीचं.

दवाखाना जवळच होता. तातडीच्या विभागात पडदा लावलेली एक खाट मिळाली. निनादला रक्त बघवत नाही — टोचून घ्यायला गेला तरी घर डोक्यावर घेतो — तो भिंतीकडे तोंड करून विव्हळत होता. आई त्याच्या पायाशी उभ्या राहून "मी लावलं रे दार, मी लावलं" एवढंच म्हणत होत्या. डॉक्टर तरुण होता. त्याने बोट पाहिलं. अंगठीच्या दोन्ही बाजूंनी ते फुगून वर आलं होतं. साबण लावून पाहिला, दोरा गुंडाळून पाहिला. मग म्हणाला, कापावी लागेल, आणि हिंदीत विचारलं, अंगठी कशाची आहे, सोन्याची?

आई म्हणाल्या, "प्लॅटिनम, प्लॅटिनम की है."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. आई पुन्हा निनादच्या पायांकडे वळल्या होत्या, निनाद भिंतीकडे बघत होता, तेव्हा विचारायला त्याला मीच सापडले. आता सांगा — तिथे काय अडचण होती? मला कन्नड बोलता येतं. पडदा सारून बाहेर जाऊन त्याला बाजूला बोलवता आलं असतं. आईंना काही कळलंही नसतं. आणि कळलं असतं तरी? मुलाचं बोट अडकलेलं असताना कुठल्या आईला अंगठीची पडलेली असते? हे सगळे रस्ते मला नंतर सुचले असं नाही. तिथेच, त्या क्षणी दिसत होते.

मी मान हलवली. हो, प्लॅटिनम.

का? मला वाटलं, जमेल. माहितीपत्रकवाले वाढवून लिहितात, कटर चांगला असेल, कापली जाईल, आणि आपलं आहे ते तसंच राहील. मी एवढाच विचार केला होता.

कटर म्हणजे एक छोटी गोल पाती आणि तिला फिरवायची मूठ. अंगठीखाली पातळ पट्टी सरकवून डॉक्टर ती फिरवत राहिला. करकर आवाज. तापल्याचा वास. तो मधूनमधून पाणी ओतायचा, चष्मा वर सरकवून बघायचा. ओरखडा नव्हता. इतकी वर्षं ज्याचं कौतुक केलं, तो नसलेला ओरखडा. त्याने पाती बदलली. दुसऱ्या वॉर्डातला कटर मागवला, तो यायला वेळ लागला. तो म्हणाला, प्लॅटिनम तर मऊ असतं, एव्हाना कापलं जायला हवं होतं. आई त्याला काकुळतीने समजावत होत्या, "असली है डॉक्टर, एकदम असली है." जणू अंगठीच्या अस्सलपणावर कुणी शंका घेतली होती आणि सुनेच्या माहेरची बाजू त्यांना सांभाळायची होती. माझ्या माहेरची बाजू. मी भिंतीला टेकून उभी होते.

अर्धा-पाऊण तास गेला असेल. बोटाचा रंग बदलत गेला. मी तो बदलताना पाहिला आहे, म्हणून सांगते — लाल, मग जांभळा, मग नखाजवळ एक करडी छटा. तरी मी बोलले नाही. बोलले ते निनादचा आवाज थांबला तेव्हा. एवढीशी सुई टोचली तरी ओरडणारा माणूस विव्हळायचा थांबला आणि मला भीती वाटली. आणि तेव्हासुद्धा मी आधी आईंना म्हणाले, "आई, जरा पाण्याची बाटली आणता का?" त्या लगबगीने गेल्या. त्या दाराबाहेर पडेपर्यंत मी थांबले. मग डॉक्टरला पडद्याबाहेर बोलावलं आणि कन्नडमध्ये सांगितलं की ती प्लॅटिनमची नाही, टंगस्टनची आहे, पक्कडीने फुटते.

तो "मोदले याके हेळलिल्ल?" म्हणाला. आधी का नाही सांगितलं?

उत्तर ऐकायला तो थांबला नाही. कुणाला तरी पिटाळून त्याने दुरुस्तीच्या खोलीतून घट्ट आवळून धरणारी मोठी पक्कड मागवली. अंगठीवर बसवून थोडी आवळली, सोडली, पुन्हा थोडी आवळली. टक् असा आवाज झाला. बस, तेवढंच. अंगठीचे तुकडे चादरीवर पडले. पक्कड आल्यापासून ते तुकडे पडेपर्यंत इतका थोडा वेळ लागला की मला तो मोजायचाच नाही. मी ते तुकडे गोळा करून पर्समध्ये टाकले आणि घरी जाताना वाटेतल्या कचराकुंडीत. आई बाटली घेऊन आल्या. ती त्यांनी निनादच्या उशाशी ठेवली.

"कापली?" त्यांनी विचारलं.

"कापली," मी म्हटलं.

बोट राहिलं. काढावं लागलं नाही, देवाची कृपा असं सगळे म्हणाले. पण मधला सांधा आता वळत नाही आणि टोकाला काही जाणवत नाही. उजवा हात आहे. आपण हाताने जेवणारी माणसं, त्यामुळे रोज दोन वेळा ते दिसतं. निनाद वरणभात कालवतो, घास करतो, आणि ते बोट सरळ, बाजूला, पाहुण्यासारखं उभं असतं. घासातली शितं सांडतात. आई त्याच्या ताटाशेजारी न चुकता चमचा ठेवतात, तो न चुकता तो बाजूला सारतो, आणि जेवण झालं की आई टेबलावरची शितं एकेक करून वेचतात. त्यांनी ती मला कधी पुसू दिली नाहीत.

दाराने किती इजा झाली आणि माझ्या गप्प राहण्याने किती? मला माहीत नाही. फेरतपासणीला निनाद आत जायचा तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून राहायची. डॉक्टरला विचारता आलं असतं. मी — जी मिक्सरच्या माहितीपत्रकाची शेवटची ओळ वाचते — मी ते विचारलं नाही. आजही विचारलेलं नाही.

त्यानंतर मी गुपचूप खरीखुरी प्लॅटिनमची अंगठी घेतली. घरी सांगितलं, तुकडे देऊन नवी घडवून आणली. ती तो डाव्या हातात घालतो. तिच्यावर आता चांगले ओरखडे आहेत. कुणी विचारत नाही, आता का उठतात म्हणून.

तुम्हाला वाटेल, झालं, हीच ती गोष्ट. मला खूप दिवस वाटत होतं की हीच आहे. पण नाही.

आई त्यानंतर पुण्याला परतल्याच नाहीत. निनादचा हात चोळायला म्हणून राहिल्या. रोज सकाळी कोमट तेल, मग कणकेचा गोळा त्याच्या मुठीत द्यायचा, दाब म्हणायचं. शेजारच्या अक्कांपासून गॅसवाल्यापर्यंत, ज्याला भाषा कळते त्याला आणि कळत नाही त्यालाही त्यांनी सांगितलं — माझ्या हातून झालं. निनाद चिडायचा, "आई, पुरे की आता." मी काहीच म्हणायची नाही. मी त्यांना चहा करून द्यायची. लोकांना वाटायचं, सून किती समजूतदार आहे.

आणि त्या घरात होत्या म्हणजे भांडणंही होती. त्या पुण्याच्या, मी ही अशी. भाजीत गूळ किती, पडदे कधी धुवायचे, कामवालीला काय बोलायचं — रोज काहीतरी. त्या माझ्यासारख्याच आहेत, चुका काढणाऱ्या. एका सकाळी मी डबे भरत होते, ऑफिसला उशीर झाला होता, फ्रीजचं दार अर्धवट उघडं राहिलं. त्या मागून म्हणाल्या, "वृंदा, दार नीट लावत जा गं." नेहमीच्याच आवाजात. रोज सांगतात तसं.

मी वळून म्हणाले, "आई, दार कसं लावायचं ते निदान तुम्ही तरी मला शिकवू नका."

हे मी म्हणाले. रागाच्या भरात तोंडातून निसटलं असं म्हणायची सोय आहे, पण ते खोटं ठरेल. तो शब्द मी निवडला होता. कुठे लागेल ते मला माहीत होतं. आणि खरं काय ते माहीत असलेली त्या घरात मी एकटी होते.

त्या फ्रीजपाशी गेल्या, दार लावलं, आणि ते लागलंय ना, ते दोनदा दाबून पाहिलं. मी डबा उचलून निघून गेले. दिवसभर कामं केली. संध्याकाळी परत आले तर त्यांनी माझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी करून ठेवली होती, मला आवडते म्हणून. मी खाल्ली.

त्या दिवसापासून त्यांनी माझी एकही चूक काढलेली नाही. मी भाजी खारट केली तर गुपचूप खातात. पडदे कसेही असोत. घरात शांतता आहे. अण्णा — माझा मोठा भाऊ — आला की म्हणतो, "तुमचं सासू-सुनेचं झकास जमलंय की गं! असंच असावं." आई हसतात. मीही हसते. आमचं जमलेलं नाही. मी त्यांचं तोंड बंद केलं आहे, तेही त्यांनी न केलेल्या गुन्ह्याच्या जोरावर. निदान, पूर्ण त्यांच्या नसलेल्या गुन्ह्याच्या जोरावर.

परवा अण्णाचा मुलगा समर्थ जेवायला आला होता. बेळ्ळंदूरला नोकरी करतो, आता त्याचा साखरपुडा आहे. जेवता जेवता म्हणाला, "आत्या, आम्ही दोघं टंगस्टनच्या अंगठ्या घ्यायलोय बघ. तुला सगळं वाचायची सवय हाय न्हवं, काय बघून घ्यायचं सांग की." मी सांगितलं. माप दोनदा घे. फरशीवर पाडू नकोस. कोबाल्टची नको. वाढवता येत नाही, तेव्हा जाड होऊ नकोस — त्यावर निनाद हसला. आणि अडकली तर कटरने कापत नाही, फोडावी लागते, डॉक्टरला लगेच सांग. हे सांगताना माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

आई ऐकत होत्या. पुष्कळ दिवसांनी त्या मधे बोलल्या, आणि माझ्याशी नाही, समर्थशी. "नको रे बाळा, तसली नको. प्लॅटिनमची घे. याची प्लॅटिनमची होती म्हणून कापता तरी आली. नाहीतर माझ्या हातून बोटच गेलं असतं पोराचं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हिची पुण्याई."

निनाद घास करत होता. दोन शितं टेबलावर पडली.

तो क्षण होता. सगळे समोर होते, विषय निघालेला होता, कुणी मला काही करणार नव्हतं. मी समर्थला विचारलं, "आणखी आमटी वाढू?"

तुम्हाला सांगितलं म्हणजे त्यांना सांगितलं असं होत नाही, हे मला कळतं. आई आता थकल्या आहेत, आता सांगून काय, असंही मी स्वतःला पढवते. पण त्या थकलेल्या नव्हत्या तेव्हाही मी सांगितलं नव्हतं.

एक राहिलं. त्या दिवसापासून आई गाडीचं दार लावत नाहीत. बसतात, आणि दोन्ही हात मांडीवर, एकावर एक ठेवून थांबतात. कुणीतरी येऊन लावेपर्यंत तशाच, समोर बघत. काल समर्थच्या साखरपुड्याची साडी घ्यायला निघालो. निनादने गाडी सुरू केली. आई मागे बसल्या, पदर आत ओढून घेतला, हात मांडीवर ठेवले. मी उतरून त्यांच्या बाजूला गेले. त्यांनी वर पाहून म्हटलं, "तुला त्रास गं, प्रत्येक वेळी."

"त्यात काय," मी म्हणाले. आणि दार लावलं.